‘कोड बरोबर आहे, तरी घेत नाही’ : टू-फॅक्टर बदलल्यावर रोज परत येणारी तक्रार

तक्रार एकच असते. कोड बरोबर टाकला, तरी घेत नाही. हेल्पडेस्क खातं रीसेट करतं, नवा क्यूआर देतं, समोरच्याचं लॉगिन होतं, तिकीट बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माणूस, तीच तक्रार. टू-फॅक्टर म्हणजे पासवर्डखेरीज ओळखीची दुसरी खूण. एसएमएस ओटीपी किंवा जुन्या टोकनवरून (कोड दाखवणारं हातातलं छोटं यंत्र) ऑथेंटिकेटर ॲप (फोनवर कोड काढणारं), पुश (फोनवर येणारी मंजुरीची विनंती) किंवा पासकीकडे (पासवर्डऐवजी फोनमध्ये साठवलेली डिजिटल किल्ली) जाणाऱ्या मोठ्या संस्थांत सुरुवातीचे काही महिने हे चालूच राहतं. इथे डोळ्यांसमोर आहे ती बडोद्यातली नेहमीची रचना: हेड ऑफिस अलकापुरीत, कारखाने मकरपुरा आणि वाघोडियाला, दोन-चार हजार माणसं, तीन पाळ्या, शॉप फ्लोअरवर चौघांत एक संगणक, आणि गुजराती, मराठी, हिंदी तिन्ही भाषांत भांडणारा हेल्पडेस्कचा फोन.

पहिला नियम असा की रीसेट सगळ्यात शेवटी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं बहुतेक वेळा होतं: बिघाड सर्व्हरच्या घड्याळात किंवा फायरवॉलच्या (नेटवर्कच्या पहारेकऱ्याच्या) टाइमआउटमध्ये, म्हणजे वाट पाहायच्या मुदतीत, असतो आणि आपण बिचाऱ्या वापरणाऱ्याची किल्ली, म्हणजे कोड ज्यावरून निघतो तो गुप्त आकडा, बदलत बसतो. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. ‘फोन हरवला, रीसेट करून द्या’ असं सांगून आत शिरणं ही आज हल्लेखोरांची आवडती वाट आहे. स्कॅटर्ड स्पायडर टोळीबद्दल अमेरिकेच्या एफबीआय आणि सीआयएसए या सायबर सुरक्षा संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या इशाऱ्यात हेल्पडेस्कला फसवून पासवर्ड आणि एमएफए (टू-फॅक्टरसारखी जादा ओळख) रीसेट करून घेण्याची पद्धत स्पष्ट लिहिली आहे. दिवसाला शंभर रीसेट करणाऱ्या हेल्पडेस्कला त्यातला एक खोटा ओळखू येत नाही.

फोन आला की आधी हे विचारा:

१. कोड कुठून घेतला? ॲप, एसएमएस, पुश की हातातलं टोकन?
२. अडलं कुठे? वेब पोर्टल, व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा दुवा), मेल की ईआरपी (कंपनीचं हिशेब-साठ्याचं सॉफ्टवेअर)?
३. नेहमी अडतं, की कधी होतं आणि कधी नाही?
४. गेल्या आठ-पंधरा दिवसांत फोन, सिम किंवा बसण्याची जागा बदलली का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं. ‘कधी कधी’ म्हटलं की संशय सर्व्हरवर घ्यायचा. ‘नेहमी, फक्त माझंच’ म्हटलं की फोनवर किंवा नोंदणीवर. ‘आमच्या सगळ्या डिपार्टमेंटचं, आज सकाळपासून’ म्हटलं तर सर्व्हरचं डिजिटल प्रमाणपत्र, रेडियस (फायरवॉल आणि लॉगिन सर्व्हर यांच्यातली बोली) किंवा एसएमएसचा नोंदवलेला साचा. एकाचंही खातं रीसेट न करता थेट त्या कामाला लागायचं.

घड्याळ

ॲपमधला सहा आकडी कोड आरएफसी ६२३८ या २०११ च्या मानकाप्रमाणे निघतो. फोन आणि सर्व्हर दोघांकडे एकच गुप्त किल्ली असते. दोघेही १ जानेवारी १९७० च्या युटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्रीपासूनचे सेकंद मोजतात, त्यांना ३० ने भागतात आणि येणाऱ्या पूर्णांकावर एचमॅक हे गणिती सूत्र चालवून कोड काढतात. कोड म्हणूनच प्रत्येक मिनिटाच्या ०० आणि ३० व्या सेकंदाला बदलतो. या सगळ्यात फोन आणि सर्व्हर एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. फोन विमानात बंद-चालू करा, कोड येतच राहतो. जुळायला हवीत ती फक्त घड्याळं. सर्व्हर साधारणपणे एक टप्पा (३० सेकंद) मागचा आणि एक पुढचा चालवून घेतो; त्यापलीकडे नाही.

गोम अशी की विंडोज डोमेनमधला (ऑफिसच्या संगणकांच्या एकत्र जाळ्यातला) केर्बरॉस हा ओळख तपासणारा भाग मुळात पाच मिनिटांपर्यंतचा फरक खपवून घेतो. सर्व्हर दीड मिनिट भरकटला तरी फाइल शेअर उघडतं, प्रिंट निघतात, मॉनिटरिंगच्या पडद्यावर सगळं हिरवं असतं. मरतो तो ओटीपी. म्हणून सिस्टीम टीम शपथेवर सांगते की वेळ बरोबर आहे, आणि त्यांच्या हिशेबाने ती असतेही.

आता रोज परत येणाऱ्या तक्रारीचं खरं मूळ. मोठ्या संस्थेत ऑथेंटिकेशनचे दोन सर्व्हर लोड बॅलन्सरमागे (काम वाटून देणाऱ्या यंत्रामागे) असतात. त्यातला एक भरकटलेला असेल तर तोच माणूस, तोच फोन, एकदा होतं आणि एकदा नाही. हेल्पडेस्कने रीसेट करून दिलं तेव्हा नशिबाने तो चांगल्या सर्व्हरवर गेला, ‘झालं’ म्हणाला, फोन ठेवला. सकाळी बिघडलेल्या सर्व्हरवर गेला. हे पकडायला फार काही लागत नाही: गेल्या चोवीस तासांतले नाकारलेले कोड सर्व्हरच्या नावाप्रमाणे वेगळे मोजा. एका बाजूला ढीग आणि दुसऱ्या बाजूला दोन-चार दिसले की विषय संपला.

सर्व्हरला हात न लावता, नुसत्या फोनवरूनही दिशा कळते. सर्व्हर ४० सेकंद मागे आहे असं धरा. नवा कोड उगवल्यावर पहिल्या १० सेकंदांत टाकला तर नाकारला जातो, कारण सर्व्हरच्या हिशेबात तो दोन टप्पे पुढचा असतो. दहा सेकंद थांबून टाकला की घेतला जातो. सर्व्हर ४० सेकंद पुढे असेल तर बरोबर उलटं: पहिल्या २० सेकंदांत चालतो, शेवटच्या १० सेकंदांत नाकारला जातो. तेव्हा तक्रार करणाऱ्याला दोनदा करून बघायला सांगा, एकदा कोड बदलल्या बदलल्या आणि एकदा तो संपत आल्यावर. भराभर टाइप करणारी ट्रेनी मुलं अडतात आणि चष्मा शोधत सावकाश आकडे टाकणारे स्टोअरमधले काका पहिल्या फटक्यात आत जातात असं दिसलं, तर सर्व्हर मागे आहे. फरक ७० सेकंदांचा असला तर आणखी विचित्र चित्र: समोर दिसणारा कोड कधीच चालत नाही, पण संपून दहा सेकंद झालेला चालतो. ‘जुना कोड टाकला तर होतं’ असं कुणी सांगितलं तर हसू नका, त्याने निदान करून दिलं आहे.

दुरुस्ती. विंडोज सर्व्हरवर कमांड प्रॉम्प्टमध्ये डब्ल्यू३२टीएम या विंडोजच्या वेळेच्या कमांडला वेळेचा स्रोत विचारा. उत्तर ‘लोकल सीमॉस क्लॉक’ आलं तर तो कुणाकडूनच वेळ घेत नाही. ‘व्हीएम आयसी टाइम सिंक्रोनायझेशन प्रोव्हायडर’ आलं तर तो डोमेनऐवजी हायपर-व्ही होस्टकडून (ज्या खऱ्या मशीनवर हा आभासी सर्व्हर चालतो) घेतो आहे, आणि होस्ट चुकीचा तर हाही चुकीचा. डोमेनमध्ये वेळ पीडीसी एम्युलेटरकडून, म्हणजे डोमेनला वेळ देणाऱ्या मुख्य सर्व्हरकडून, खाली यायला हवी, आणि त्या एका मशीनने ती बाहेरून घ्यायला हवी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ती एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (नेटवर्कवरून वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी मिळवलेली असणं बंधनकारकच आहे. ऑडिटमध्ये हा मुद्दा निघतोच, तर दोन्ही कामं एकदम करून टाका. लिनक्सवर क्रोनी या वेळ मिळवणाऱ्या प्रोग्रामचं ‘ट्रॅकिंग’ बघा. कारखान्याकडच्या नेटवर्कमध्ये एनटीपीचं यूडीपी पोर्ट (नेटवर्कचं दार) १२३ फायरवॉलवर बंद असणं हे नेहमीचं कारण. ते उघडायची विनंती टाकताना दिशा लिहा, नाहीतर नेटवर्कवाले उलटा नियम लावून मोकळे होतात.

काही सर्व्हर प्रत्येक टोकनचा फरक शिकून साठवून ठेवतात. तुमचा तसा असेल तर घड्याळ सुधारल्यावर तो साठवलेला फरकही शून्य करा. नाहीतर दुरुस्तीनंतर तक्रारी वाढतात आणि सगळे म्हणतात, आधीच बरं होतं.

फोनचं घड्याळ चुकण्याची एक हमखास जागा आहे. दुबई, मस्कतहून परत आलेल्या माणसाने टाइम झोन तिकडचाच ठेवून काटे हाताने दीड तास पुढे केलेले असतात. पडद्यावर वेळ अगदी बरोबर दिसते, पण फोनचा युटीसी दीड तास पुढे. फोनवर ‘किती वाजलेत’ विचारून हे कधीच सापडत नाही. सेटिंगमध्ये वेळ आणि टाइम झोन दोन्ही आपोआप घेण्यावर ठेवायला सांगा, दोन्ही.

आणि एक गैरसमज. व्हीपीएन तुटला, लगेच तोच कोड टाकून जोडला, नाकारला. हा बिघाड नाही. एकदा घेतलेला कोड पुन्हा घ्यायचा नाही असं मानकच सांगतं. पुढच्या कोडची वाट पाहायची. लॉगिनचं बटण दोनदा दाबणाऱ्यांचंही हेच होतं.

हातातली टोकनं आणि बियांची (किल्ल्यांची) फाइल

ज्या प्रकल्पात मोबाइल गेटवर जमा होतो, नंदेसरीकडच्या रसायन कारखान्यांसारखा, तिथे कंट्रोल रूमसाठी हार्डवेअर टोकन लागतंच. त्याचं घड्याळ क्वार्ट्झचं असतं आणि ते बाहेरून कधीच मिळवलं जात नाही. दहा लाखांत १० भाग इतकी चूक धरली तरी वर्षाला सुमारे ३१५ सेकंद, म्हणजे सव्वापाच मिनिटं. जुना सर्व्हर हा फरक दर लॉगिनला थोडा थोडा शिकत आलेला असतो, म्हणून कुणाला काही जाणवत नाही.

मग अपग्रेड येतं. नव्या सर्व्हरवर टोकनच्या किल्ल्यांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली) फाइल चढवतात, आणि सोमवारी सकाळी जुनी टोकनं एकजात मेलेली. किल्ल्या आल्या, साठवलेला फरक मागे राहिला. सीएसव्हीत त्याला जागाच नसते. आरएफसी ६०३० च्या पीएसकेसी या किल्ल्यांच्या फाइलच्या साच्यात ती आहे, पण एक्स्पोर्ट करणारं सॉफ्टवेअर ती भरतंच असं नाही. फाइल उघडून बघा. उपाय असा की स्थलांतरानंतर पहिल्या आठवड्यात रीसिंकची खिडकी (घड्याळातला किती फरक चालवून घ्यायचा ती मर्यादा) रुंद ठेवा, २० टप्पे म्हणजे दहा मिनिटं मागेपुढे, मात्र लागोपाठचे दोन कोड मागूनच. आठवडा संपला की खिडकी परत आवळा. रुंद खिडकी तशीच राहू दिली तर कोड आंधळेपणाने लागण्याची शक्यता तितक्या पटींनी वाढते.

फाइलमध्ये आणखी दोन खोड्या असतात. पुरवठादार किल्ली हेक्समध्ये (१६ चिन्हांच्या लिपीत) देतो आणि सर्व्हरला बेस-३२ (३२ चिन्हांची) हवी असते. १६० बिटांची किल्ली हेक्समध्ये ४० अक्षरांची असते, बेस-३२ मध्ये ३२ अक्षरांची. बेस-३२ मध्ये ०, १, ८, ९ हे आकडे येतच नाहीत. ते दिसले की फाइल हेक्स आहे. काही सर्व्हर तरीही फाइल मुकाट घेतात आणि मग एकही कोड जुळत नाही. दुसरी खोडी एक्सेलची. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून नुसती सेव्ह केली तरी अनुक्रमांकांपुढची शून्यं उडतात, आणि १५ आकड्यांपुढचे आकडे शून्य होऊन बसतात. मग टोकन एकाच्या नावावर आणि किल्ली दुसऱ्याची. फाइल नोटपॅडमध्येच उघडावी, पाच टोकनं आधी चढवून पाहावीत, मग पाचशे. काम झालं की ती फाइल मेलमध्ये, पेनड्राइव्हवर, कुणाच्या डाउनलोडमध्ये राहिली नाही हे बघा. ती फाइल ज्याच्याकडे, त्याच्याकडे सगळी टोकनं.

नवा फोन

गुजरातेत याला मोसम आहे. दिवाळीत फोन घेतले जातात, जुना फोन धाकट्या भावाला किंवा एक्स्चेंजमध्ये जातो, आणि लाभपंचमीला ऑफिस उघडलं की हेल्पडेस्कसमोर रांग. हे दरवर्षी येणार हे माहीत असताना दरवर्षी धावपळ होते. धनत्रयोदशीच्या आठवडाभर आधी सगळ्यांना एकच सूचना गेली पाहिजे: नवा फोन घेतलात तर जुना देऊन टाकण्याआधी, जुन्याने लॉगिन करून नव्याची नोंदणी करा. सूचना गुजरातीतही हवी. इंग्रजी मेल कुणी वाचत नाही, साहेबसुद्धा नाही.

‘बॅकअप घेतला होता’ हे उत्तर फसवं आहे. मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटरचा बॅकअप नव्या फोनवर आणला की ऑफिसच्या खात्याचं नाव दिसतं, पण ते चालत नाही; पुन्हा क्यूआर स्कॅन करावा लागतो. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये गूगल खात्याशी सिंक एप्रिल २०२३ पासून आहे आणि कोड खरोखर परत येतात, पण मग ऑफिसच्या किल्ल्या माणसाच्या खासगी गूगल खात्यात जातात. ते चालेल की नाही हे धोरणात आधी ठरवून ठेवा, रांगेत उभ्या माणसासमोर नको.

रीसेट झालेल्या माणसाचा कोड पुन्हा चुकतो त्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे ॲपमध्ये एकाच नावाच्या दोन ओळी. जुनी ओळ पुसलेली नसते आणि तीच वर असते. म्हणून नव्या यंत्रणेत क्यूआरमधलं संस्थेचं नाव बदला, मागे वर्ष जोडलं तरी पुरे. मग फोनवर विचारता येतं: ‘वर्ष लिहिलेल्या ओळीतला कोड वाचताय ना, बेन?’ निम्मं भांडण तिथेच मिटतं.

नव्या सर्व्हरवर कुणी उत्साहाने शा-२५६ (नेहमीच्या शा-१ ऐवजी कोड काढायची नवी पद्धत) किंवा आठ आकडी कोड चालू केला असेल तर सांभाळा. काही ॲप क्यूआरमधला तो भाग वाचतच नाहीत आणि शा-१ चेच कोड दाखवत राहतात. सहा आकडे दिसतात, चुकीचे असतात, आणि एकदाही लागत नाहीत. सहा आकडे, ३० सेकंद, शा-१ हेच ठेवा. मोठ्या संस्थेत सगळे फोन सारखे नसतात.

क्यूआर व्हॉट्सॲपवर पाठवायचा नाही. त्या चित्रातच किल्ली असते, ते ज्याच्या ज्याच्या गॅलरीत राहील त्याला कायम कोड काढता येतील. वाघोडियाहून अलकापुरीला कोण येणार, हे खरं असलं तरी.

पुश येत नाही

आधी एक प्रयोग: ऑफिसचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर बघा. पुश आला तर दोष फोनचा नाही. अँड्रॉइडच्या सूचना मुख्यतः टीसीपी पोर्ट ५२२८ ते ५२३० वरून येतात, ॲपलच्या ५२२३ वरून. गेस्ट वाय-फायवर फक्त ८० आणि ४४३ उघडे असतील तर अँड्रॉइडवाले ताटकळू शकतात. ॲपलचा फोन ४४३ वरही काम चालवून घेतो. म्हणूनच ‘साहेबांच्या आयफोनवर येतं, आमच्यावर येत नाही’.

डेटावरही येत नसेल तर अँड्रॉइड १३ पासून सूचनांची परवानगी ॲपला वेगळी द्यावी लागते, ती बघा. शाओमी, विवो, ओप्पोवर त्याशिवाय ऑटोस्टार्ट आणि बॅटरीची बंधनं काढावी लागतात. तोवर ॲप हाताने उघडलं की थांबलेली विनंती बहुधा समोर येते.

नुसतं ‘मंजूर’ दाबायचा पुश ठेवू नका. रात्री पन्नास वेळा पुश पाठवला की कुणीतरी कंटाळून दाबतोच. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरमध्ये हल्लेखोर अशाच भडिमारानंतर आत शिरला. पडद्यावरचा आकडा फोनमध्ये टाकायची पद्धत मायक्रोसॉफ्टने ८ मे २०२३ पासून सगळ्यांना सक्तीची केली ती याचसाठी.

व्हीपीएनवर अडतं, वेबवर नाही

हे वाक्य ऐकू आलं की रेडियस. बऱ्याच फायरवॉलवर रेडियसच्या उत्तराची वाट पाहायची मुदत मुळात ५ सेकंद असते. माणूस खिशातून फोन काढेपर्यंत ती संपते. फायरवॉल तीच विनंती पुन्हा पाठवते, आणि सर्व्हर ती आधीचीच आहे हे ओळखत नसेल तर दुसरा पुश जातो. माणूस पहिला मंजूर करतो, फायरवॉल दुसऱ्याची वाट बघत असते. मुदत ६० सेकंद करा, पुन्हा प्रयत्न कमीत कमी ठेवा. फायरवॉलवर हे दोन ठिकाणी असतं, रेडियस सर्व्हरच्या नोंदीत आणि एकंदर रिमोट लॉगिनच्या मर्यादेत. एकच बदललं तर काहीच होत नाही.

मायक्रोसॉफ्टचं एनपीएस एक्स्टेन्शन (विंडोजच्या रेडियस सर्व्हरला एमएफए जोडणारं) वापरत असाल तर तीन गोष्टी. व्हीपीएनच्या खिडकीत आकडा दाखवायची सोय नसते, म्हणून तिथे आकडा जुळवण्याऐवजी ॲपमधला कोड टाइप करावा लागतो. लोकांना हे आधी सांगावं लागतं. टाइप केलेला कोड चालण्यासाठी फायरवॉल ते एनपीएस हा दुवा पॅप या पासवर्ड पाठवायच्या पद्धतीवर हवा, एमएस-चॅप व्ही२ या दुसऱ्या पद्धतीवर कोड जात नाही. आणि सेटअपची स्क्रिप्ट स्वतः बनवते ते प्रमाणपत्र दोन वर्षांनी संपतं. ते संपलं की एका सकाळी सगळा व्हीपीएन बंद. तारीख कॅलेंडरमध्ये दोघांच्या नावावर टाका. एकाच्या नावावर टाकली तर तो तोवर नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो.

फायरवॉलचं नवं फर्मवेअर (यंत्रातलं सॉफ्टवेअर) चढवल्यावर लगेच रेडियस मेलं असेल तर कारण बहुधा ब्लास्ट-रेडियस. जुलै २०२४ मध्ये ही त्रुटी जाहीर झाल्यावर काही नवी फर्मवेअर, रेडियसच्या उत्तरात मेसेज-ऑथेंटिकेटर (उत्तर खरं असल्याची खूण) नसेल तर, ते उत्तर फेकून देतात. रेडियस सर्व्हर अद्ययावत करून ते चालू करा. फायरवॉलवरची तपासणी बंद करूनही काम होतं, आणि मग ती कायमची बंद राहते.

एसएमएस, अजून असेल तर

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी काही काळ एसएमएस राहणारच. ‘ओटीपी नथी आवतो’ सगळ्यांचं एकदम सुरू झालं तर डीएलटीचा (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी व्यवस्थेचा) साचा बघा. नोंदवलेल्या मजकुरात आणि पाठवलेल्या मजकुरात एका पूर्णविरामाचा फरक असला तरी ऑपरेटर संदेश गाळतो. मार्च २०२१ मध्ये ही चाळणी लागू झाली तेव्हा देशभर ओटीपी अडकले होते आणि ट्रायला ती आठवडाभर थांबवावी लागली होती. अपग्रेडमध्ये नवं सॉफ्टवेअर स्वतःचा मजकूर पाठवायला लागतं, साचा जुनाच असतो. गेटवेच्या पडद्यावरचं ‘सबमिटेड’ म्हणजे पोचला असं नाही. डिलिव्हरीचा अहवाल आणि त्यातला त्रुटीचा कोड मागा.

मजकूर गुजराती किंवा मराठीत असेल तर एका संदेशात १६० नव्हे, ७० अक्षरं बसतात. त्यापुढे तो तुकड्यांत जातो आणि तुकडे मागेपुढे होतात. कोड पहिल्या शब्दांतच ठेवा. इंग्रजी मजकुरातही वर्डमधून आलेलं एखादं वळणदार अवतरणचिन्ह अख्खा संदेश ७० वर आणतं.

पासकी आणि किल्ल्या

इथे तक्रारी कमी असतात पण अडलं की पुरतं अडतं. फोनमधल्या पासकीने संगणकावर लॉगिन करायचं तर दोन्हीकडे ब्लूटूथ लागतं. क्यूआर स्कॅन होतो आणि पुढे काही घडत नाही, असं झालं तर त्या डेस्कटॉपला ब्लूटूथच नाही. तिथे यूएसबी किल्ली (संगणकाला लावायची, ओळख पटवणारी पेनड्राइव्हसारखी वस्तू) द्या. किल्ली ओळखलीच जात नसेल तर संगणकावरचं एंडपॉइंट (सुरक्षेचं) सॉफ्टवेअर बघा: फक्त पेनड्राइव्ह अडवणारं धोरण तिला अडवत नाही, कारण ती एचआयडी (कीबोर्ड-माउससारखं उपकरण) म्हणून दिसते, सगळंच यूएसबी अडवणारं धोरण अडवतं.

पिन लागोपाठ तीनदा चुकला की किल्ली काढून पुन्हा लावावी लागते. मध्ये एकदाही बरोबर न येता आठदा चुकला की ती कुलूपबंद होते, आणि रीसेट केल्यावर तिच्यातल्या सगळ्या फिडो (पासकीचं मानक) नोंदी जातात. म्हणून प्रत्येक ॲडमिनला दोन किल्ल्या, दोन्ही पहिल्याच दिवशी नोंदवलेल्या. दुसरी ‘नंतर नोंदवू’ म्हणून खणात पडली तर ती नसल्यासारखीच.

पासकी लॉगिन पानाच्या डोमेनला बांधलेली असते. फिशिंग तिच्यापुढे चालत नाही ते यामुळेच. पण लॉगिनचं डोमेन बदललं की आधी नोंदवलेल्या सगळ्या पासकी निकामी. डोमेन बदलायचं असेल तर ते नोंदणी सुरू करण्याआधी बदला.

रीसेट करायचाच असेल तेव्हा

आलेल्या नंबरवर बोलत करायचा नाही. फोन ठेवायचा, एचआरच्या नोंदीतल्या नंबरवर आपण लावायचा, आणि वरिष्ठाकडून वेगळी खातरजमा. जन्मतारीख आणि कर्मचारी क्रमांक ही ओळख नव्हे, तो पगाराच्या स्लिपवर छापलेला असतो. ॲडमिन खात्यांसाठी समोरासमोर, ओळखपत्र पाहून. नव्या नोंदणीसाठी एकदाच चालणारा तात्पुरता पास द्या, मुदत तासाभराची. मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्रा या लॉगिन सेवेमध्ये ती मुळात एक तासाचीच असते. पाळी बदलायच्या वेळी दिला तर माणूस बसमध्ये असताना तो संपतो, म्हणून पोचल्याचं विचारून द्या.

फोटोकॉपी यंत्राचं स्कॅन-टू-मेल, ईआरपीचे रात्रीचे जॉब, यांची खाती एमएफएच्या धोरणात सरसकट ओढली की अकाउंट्सचा फोन आधी येतो. त्यांची यादी बदलाच्या आधी काढा, लॉगिनच्या लॉगमधून, कुणाच्या आठवणीतून नव्हे. आणीबाणीची दोन खाती ठेवा, दोन्ही यूएसबी किल्लीवर, एक किल्ली हेड ऑफिसच्या तिजोरीत आणि एक कारखान्याच्या. दर तिमाहीला त्यांनी लॉगिन करून बघा. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचेच असतात. ऑथेंटिकेशनच्या लॉगमध्ये सर्व्हरचं नाव आणि नाकारण्याचं कारण येतंय ना, हे आज तपासा, बिघाडाच्या दिवशी नको.

तिकिटात कारणाचा रकाना सक्तीचा करा: सर्व्हरचं घड्याळ, फोनचं घड्याळ, जुनी ओळ, नवा फोन, पुश अडला, रेडियस, एसएमएसचा साचा, कुलूपबंद किल्ली. ‘रीसेट केला’ हे कारण म्हणून चालणार नाही. आणि रीसेट केलेल्या माणसाचं दुसऱ्या दिवशीचं पहिलं लॉगिन लॉगमध्ये दिसेपर्यंत तिकीट उघडं ठेवा.